चोवीस महिन्यांचं एकत्र कुटुंब

मुंबईत थ्री बीएचकेत राहायचं तर दोनच मार्ग. एक तर आजोबांनी योग्य वेळी योग्य जागी मोठी जागा घेऊन ठेवलेली असावी, नाहीतर महिन्याच्या महिन्याला भाडं भरायची तयारी असावी. आमच्या सासऱ्यांनी पार्ल्यात जागा घेतली खरी पण ती वन बीएचके. पुढे त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर अजून एक वन बीएचके रिकामा झाला तो धाकट्या मुलासाठी कर्ज काढून घेतला. खालच्या घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगी. वरच्या घरात दीर, जाऊ आणि त्यांचा मुलगा. मधे एक जिना, त्यावरून वर्षानुवर्षं वाट्या, डबे, कुकरच्या रिंगा आणि तापाचं औषध वरखाली होत राहिलं, आणि येणारे जाणारे म्हणायचे तुमचं किती छान आहे हो, एकत्र पण आणि वेगळे पण.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. पार्ल्यात आता हे इतकं कॉमन झालंय की भाजीवालाही विचारतो, तुमची कधी पाडतायत. आमचं प्रकरण बराच काळ रखडलं होतं, एअरपोर्ट शेजारी असल्यामुळे उंचीचं बंधन, मजले कमी म्हणून बिल्डरला परवडत नाही, असं सगळं. शेवटी एकदाचा करार झाला आणि जागा खाली करायची नोटीस आली.

ज्यांनी यातून गेलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, बिल्डर जागा पाडतो तेव्हा नवीन घर मिळेपर्यंत पर्यायी जागेचं भाडं देतो, बहुतेक वेळा तुमच्या कार्पेट एरियाच्या (म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) हिशेबाने, शिवाय एकदाचं सामान हलवायचे पैसे आणि ब्रोकरेज. ऐकायला मस्त वाटतं. फक्त होतं काय की बिल्डिंगमधली सगळी कुटुंबं एकाच महिन्यात बाहेर पडतात, सगळ्यांची मुलं त्याच दोन शाळांत, सगळ्यांना स्टेशनपासून चालत अंतर हवं, आणि ब्रोकरला बिल्डर कोणाला किती भाडं देतोय हे आपल्या आधी कळलेलं असतं. त्यामुळे आपल्या चेकवर जो आकडा असतो त्याच्यापेक्षा पाच-सात हजारांनी जास्त असाच प्रत्येक वन बीएचके निघतो, आणि तोही असा की बाथरूमचं दार उघडलं की बेसिनला आपटतं.

असल्या जागा बघून सगळे वैतागलेले असताना दिराने जेवताना सहज म्हटलं, दोन भाडी एकत्र केली तर? तो एक्सेलवाला माणूस आहे, कुठल्याही गोष्टीची शीट करतो, लग्नाच्या जेवणाचीही केली होती. दोन चेक मिळून नव्वदीच्या आसपास जात होते. त्यात पार्ल्यात थ्री बीएचके अवघड होता, पण हायवे ओलांडला, अंधेरी ईस्टला, मेट्रोच्या गुंदवली स्टेशनच्या पट्ट्यात, तर जुन्या बिल्डिंगमध्ये होण्यासारखं होतं. सासूबाई म्हणाल्या बघा तरी. नवरा काही म्हणाला नाही, म्हणजे त्याला पटलं होतं.

मोठं घर भाड्याने शोधणं हा वेगळाच खेळ आहे हे तेव्हा कळलं. वन बीएचकेला ब्रोकर तुम्हाला घाई करतो, थ्री बीएचकेला तुमची चौकशी करतो. फॅमिली ना? किती जण? गाडी किती? व्हेज ना? शेवटचा प्रश्न फोनवर पहिल्या मिनिटात येतो. आम्ही मासे खाणारी माणसं, आणि सासूबाईंना खोटं बोललेलं चालत नाही, त्यामुळे निम्म्या जागा जिना न चढताच संपल्या. चिडचिड झाली, नाही असं नाही. २०२३ साली मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली म्हणून केवढा गदारोळ झाला होता, तेव्हा आम्हीही तावातावाने बोललो होतो. पण खरं सांगायचं तर त्या शोधाशोधीत ब्रोकरच्या ऑफिसात जे ऐकलं त्यावरून आमची अडचण किरकोळच म्हणायची. आडनाव ऐकूनच फोन ठेवला जातो अशी माणसं आहेत, एकट्या बायकांना तर सोसायटीची कमिटी इंटरव्ह्यूला बसवते, आणि चार मुलं नोकरी करणारी, चौघांचा पगार मिळून आमच्या दुप्पट, त्यांना सरळ बॅचलर नॉट अलाऊड. आम्ही निदान फॅमिली होतो. सोबत एक सासूबाई असणं हे मुंबईच्या भाड्याच्या बाजारात मोठं क्वालिफिकेशन आहे.

एरियाचं तर बोलायलाच नको. बाराशे स्क्वेअर फूट. कार्पेट? नाही मॅडम, बिल्टअप. म्हणजे कार्पेट किती? होईल नऊशे-साडेनऊशे. प्रत्यक्षात टेप लावली तर अजून कमी. नवीन घर विकताना रेरा कायद्यामुळे कार्पेट एरिया सांगावाच लागतो, त्याची व्याख्याही ठरलेली आहे, आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या नाही, बाल्कनी वेगळी. भाड्याला देताना मात्र ज्याला जो आकडा आवडेल तो. एका ठिकाणी चौथी बेडरूम म्हणून जी दाखवली तिला खिडकी नव्हती, वर एक झरोका, आणि दार किचनच्या मागच्या पॅसेजमध्ये उघडत होतं. सर्व्हंट रूम हो ती. ब्रोकर म्हणाला स्टडी करा.

एक घर खूप आवडलं होतं, उंचावर, तिन्ही बेडरूमना उजेड. मालक दुबईला. सगळं ठरत आलेलं आणि दिराच्या ओळखीचा सीए म्हणाला, मालक एनआरआय आहे का? मग भाड्यातून ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस तुम्हाला कापून भरायला लागेल, त्यासाठी टॅन नंबर (टीडीएस कापणाऱ्याला लागतो तो) काढा, दर तीन महिन्यांनी रिटर्न भरा. आणि नाही कापला तर पकडणार तुम्हाला, त्याला नाही. ब्रोकरला विचारलं तर म्हणे इतने साल में किसीने नहीं काटा. सोडली ती जागा. मालक इथलाच राहणारा असेल तर सोपं आहे, महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर गेलं की भाडेकरूने २ टक्के कापायचे (आधी ५ होते, ऑक्टोबर २०२४ पासून २ झाले), वर्षातून एकदा किंवा जागा सोडताना ऑनलाइन भरायचे आणि मालकाला सर्टिफिकेट द्यायचं, टॅनबिन काही लागत नाही. पण वन बीएचकेवाल्यांना हे सगळं बहुधा कधी कळतच नाही, कारण त्यांचं भाडं तिथपर्यंत जात नाही. मोठ्या घराबरोबर मोठ्या माणसांचे ताप येतात ते असे.

शेवटी मिळाला तो जोडी फ्लॅट. मुंबईबाहेरच्यांना हा प्रकार माहीत नसतो. शेजारशेजारचे दोन फ्लॅट घ्यायचे, मधली विटांची भिंत पाडायची, झाला एक मोठा. जुन्या सोसायट्यांमध्ये मोठे फ्लॅट मुळातच बांधलेले नसायचे, मग ज्यांना शेजार मिळाला त्यांनी असे जोडून घेतले. आमच्या या घराला दोन मेन दारं, दोन बेल, दोन नंबर, दोन मेंटेनन्सची बिलं, दोन विजेचे मीटर. कुरिअरवाला कुठल्याही नंबरवर आला तरी पोचतो. दोन मीटरचा एक फायदा असा की युनिट दोन्हीकडे विभागले जातात आणि वरच्या महाग स्लॅबमध्ये जायला वेळ लागतो, तीन एसी असूनही. दिराने हे शीटमध्ये वेगळ्या रंगात दाखवलं होतं.

आणि दोन किचन. मालकांनी दुसरं मोडलंच नव्हतं, ओटा, सिंक, सगळं जागच्या जागी. तेव्हा मी जावेकडे बघितलं आणि तिने माझ्याकडे.

मालक निवृत्त गृहस्थ, आता दहिसरला लहान फ्लॅटमध्ये राहतात. दोन मुलांसाठी म्हणून त्यांनी हे दोन फ्लॅट जोडले होते. भिंत पाडायला सोसायटीची एनओसी, महापालिकेची परवानगी, इंजिनिअरचा रिपोर्ट, सगळं रीतसर केलं, लाखो रुपये घातले, आणि मुलं एक कॅनडाला गेला आणि एक पुण्याला. घर बघायला गेलो तेव्हा आम्ही सातच्या सात जण गेलो होतो. ते स्वतः शाकाहारी. माशांचं मी आधीच सांगून टाकलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, दुसऱ्या किचनची खिडकी डक्टकडे उघडते, तिथे करा, कोणाला वास जाणार नाही. भाडं ९५,०००, डिपॉझिट ४ लाख, चोवीस महिने, दुसऱ्या वर्षी ५ टक्के वाढ.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी. एजंट घरी मशीन घेऊन येतो, आधार नंबर, अंगठा, फोटो, झालं रजिस्ट्रेशन. स्टॅम्प ड्युटी म्हणजे एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का, आम्हाला सहा हजारांच्या आसपास पडली, वर १,००० नोंदणी फी. अजूनही लोक म्हणतात अकरा महिन्यांचं असलं की रजिस्टर करावं लागत नाही. महाराष्ट्रात करावंच लागतं, भाडेनियंत्रण कायदा १९९९ मध्ये कलम ५५ आहे आणि जबाबदारी मालकाची आहे. त्याच कायद्यात असंही आहे की मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट पैसे द्यायचे. हे वाचून नवरा म्हणाला, किती घाबरलेले असतात हे मालक लोक.

घाबरणारच. सासूबाईंची मावशी दादरला चार खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायची, उंच सीलिंग, मोझॅकच्या टाइल्स, पुढे मागे गॅलरी, आणि ती जागा भाड्याची, पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन घ्यायची आणि मग नाममात्र भाड्यात राहायची. एके काळी या शहरातली बरी बरी माणसं भाड्यानेच राहत होती, दादर-माटुंग्याच्या कित्येक मोठ्या बिल्डिंगी भाड्याने देण्यासाठीच बांधल्या होत्या. मग १९४७ चा भाडेकायदा आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. युद्धानंतर, फाळणीनंतर शहरात माणसांचा लोंढा येत असताना त्याची गरज होतीच. पण ते गोठलेलं भाडं पुढे पन्नास वर्षं गोठलेलंच राहिलं. मालकांनी दुरुस्ती सोडली, भाड्यासाठी बांधणंच सोडलं, ओनरशिप आली. भाडेकायदा टाळायला मालक लायसन्सवर जागा द्यायला लागले, तर १९७३ मध्ये कायदा बदलून १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूच ठरवलं. म्हणजे काल पाहुणा म्हणून ठेवलेला आज कायमचा. ती धास्ती मालकांच्या पुढच्या पिढ्यांत उतरलीय, त्यातूनच हे अकरा महिने, चोवीस महिने, लॉक-इन, आणि भाडेकरूच्या नावाची पाटी दारावर लावू नका असली कलमं.

मावशीच्या त्या ब्लॉकचं भाडं शेवटी शेवटी महिन्याच्या दुधाच्या बिलाइतकंही नव्हतं. आम्ही महिन्याला लाखभर देतोय. नातेवाईकांना हे सहनच होत नाही. एवढं भाडं? त्यात हप्ता गेला असता! नसता गेला. याच बिल्डिंगमध्ये एवढी जागा विकत घ्यायची तर सव्वातीन कोटी तरी लागतील. वीस टक्के स्वतःचे घातले तरी उरलेल्याचा वीस वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी सव्वादोन लाखांच्या घरात जातो. नुसती ६ टक्के स्टॅम्प ड्युटीच इतकी होते की तेवढ्यात दीड वर्षाहून जास्त भाडं निघावं. मालकाच्या बाजूने बघा, सव्वातीन कोटींच्या वस्तूवर वर्षाला साडेअकरा लाख, साडेतीन टक्के, बँकेतली एफडी बरी. म्हणजे त्या दहिसरच्या काकांच्या कोट्यवधी रुपयांचा आम्ही अगदी स्वस्तात उपभोग घेतोय. भाड्याचे पैसे पाण्यात जातात हे वाक्य ज्यांनी वन बीएचकेची ओनरशिप चाळीस वर्षांपूर्वी घेतली त्यांच्या हिशेबातलं आहे, आणि त्यांच्यापुरतं ते बरोबरही होतं.

बरं, आता राहण्याचं. आमचं सगळं फर्निचर या घरात केविलवाणं दिसायला लागलं. पडदे कुठल्याच खिडकीला पुरेनात. सोफा-कम-बेड आयुष्यात पहिल्यांदा नुसता सोफा म्हणून राहिला. कामवाल्या मावशींनी पहिल्याच दिवशी दोन्ही बाजू फिरून बघितल्या, बाथरूम मोजले आणि रेट सांगितला, तो ऐकून जाऊ म्हणाली मीच करते आणि आठवड्याने मुकाट्याने हो म्हणाली. चहाला हाक मारून उपयोग नाही, ऐकूच जात नाही, फॅमिली ग्रुपवर टाकावं लागतं, चहा झाला.

मला वाटलं होतं सासूबाईंना करमणार नाही, जन्मभर हॉलमध्ये झोपलेली बाई. त्यांनी तर दुसऱ्या दिवसापासून दुपारी दार लावून घ्यायला सुरुवात केली. आतून कडी. टॅबवर कीर्तन, कधी सिरीयल, कधी नुसतीच झोप, चारला बाहेर येणार. नवरा दोनदा दार ठोकून आला, आई बरी आहेस ना. बरी आहे रे, खोलीत आहे. मुलांचं उलटं. दोघांना वेगळ्या खोल्या द्यायच्या म्हणून आम्ही मोठी माणसं किती चर्चा केली, आणि ती दोघं एकाच पलंगावर पाय पसरून अभ्यासाचं नाटक करतात.

भांडणं मात्र लांबतात इथे. वन बीएचकेत नवरा-बायकोचं भांडण रात्रीच्या जेवणापलीकडे जाऊच शकत नाही, कारण चार्जर त्याच्या बाजूला असतो आणि फ्रिज माझ्या. बोलावंच लागतं. इथे रुसून बसायला खोली आहे, शिवाय दुसरं दार आहे, माणूस न बोलता ऑफिसला निघून जाऊ शकतो. एकदा तर आमचा अबोला तीन दिवस चालला आणि घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

जावांचं काय, हे सगळ्यांना विचारायचं असतं आणि कोणी सरळ विचारत नाही. दोन किचन आहेत, संकष्टीला एकीकडे साबुदाणा आणि एकीकडे बांगडा असं सुखेनैव चालतं, हे खरं. पण फक्त किचनने भागत नाही. तिला सकाळी सहाला मिक्सर लावायची सवय, मला पंखा बंद न करता खोलीतून बाहेर पडायची. ती भांडी पुसून ठेवते, मी निथळत ठेवते. अशा गोष्टींवरून घरं फुटलेली मी बघितलीयत, माहेरी, आमच्याच वाड्यात, चुलत्यांची. इथे फुटलं नाही, आणि त्याचं श्रेय आमच्या समजूतदारपणाला देऊ नये असं माझं मत आहे. प्रत्येक वेळी डोक्यात एक आकडा असायचा. चोवीस महिने. मग अठरा. मग वर्ष. मिक्सरचा आवाज आला की मी मनात म्हणायची, जाऊ दे, किती दिवस राहिलेत. तीही हेच म्हणत होती, हे तिने मला नंतर सांगितलं, आम्ही दोघी हसलो खूप. मुदत माहीत असली की माणूस फार उदार होतो. वाड्यातल्या चुलत्यांना कोणी मुदत दिली नव्हती, त्यांना तिथेच जन्म काढायचा होता.

आता बिल्डर म्हणतोय पझेशनला अजून वेळ आहे, तसं तो म्हणणारच होता. आमचा करार संपत आलाय. नवीन बिल्डिंगमध्ये दोन टू बीएचके मिळणार आहेत, आपापले, वेगळ्या मजल्यांवर. आणि दिराने नवीन शीट केलीय. ते दोन्ही टू बीएचके भाड्याने दिले तर जेवढे येतील त्यात इथलं भाडं जाऊन वर काही उरतं. म्हणजे आपली स्वतःची घरं लोकांना द्यायची आणि आपण दुसऱ्याच्या मोठ्या घरात राहायचं, कायमचं. त्याने टॅक्स, सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसला की लागतात ते), महिनाभर घर रिकामं राहिलं तर काय, सगळं धरलंय. मुलं खूश. नवऱ्याला पटलंय, कारण तो काही बोलला नाही. सासूबाई म्हणाल्या मला काय, माझी खोली राहू दे.

रात्री जाऊ भांडी पुसत होती, मी शेजारी उभी. ती म्हणाली, ताई, हिशेबात चूक नाहीये, पण मग शेवटची तारीख कुठली?

दहिसरच्या काकांना एकदम साठ महिन्यांचं करायचंय, तेवढं करता येतं, त्यांना सारखं सारखं अंगठा द्यायचा कंटाळा येतो आणि ब्रोकरचं तोंडही बघायला नको. दीर पण साठला तयार आहे, भाडं लॉक होतं म्हणतो. आम्ही दोघींनी चोवीसच सांगितलंय, त्यापुढचं त्या वेळी बघू. दर वेळी परत स्टॅम्प ड्युटी, परत नोंदणी फी, म्हणून तो कुरकुरतोय, शीटमध्ये तसा कॉलमही टाकलाय त्याने, दोन्ही वहिनी-बायकोचा हट्ट असं वर लिहून.